ओळख पटवणारा माणूस

हिंदमाताच्या नाक्यावरून दक्षिणेकडे निघालं की लालबाग, चिंचपोकळी करत रस्ता भायखळ्याला राणीच्या बागेपाशी येतो. बागेच्या आवारातलं जुनं वस्तुसंग्रहालय आज भाऊ दाजी लाड यांच्या नावानं ओळखलं जातं. १५ सप्टेंबर १८८३ या दिवशी आठ हौशी मंडळी तिथं जमली आणि त्यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. तिथून नागपाडा ओलांडून ग्रँट रोडच्या बाजूला उतरलं की गिरगावातली खेतवाडी लागते. सोसायटी तेरा वर्षांची झाली, तेव्हा या खेतवाडीत एका मुलाचा जन्म झाला. पुढं ही संस्था आणि हा माणूस यांची नावं एकमेकांत इतकी मिसळली की एकाचं घेतलं की दुसरं आपोआप ओठावर यावं. त्या माणसाचं नाव सलीम अली.

पक्ष्यांचा माणूस म्हणून सलीम अली सगळ्यांना ठाऊक आहेत. दाढी, गळ्यात दुर्बीण, किडकिडीत अंगकाठी हे चित्र शाळेच्या पुस्तकांतून आणि टपाल तिकिटांवरून घरोघर पोचलं आहे. पण त्यांचं खरं काम काय होतं, असं विचारलं तर बहुतेकांची गाडी पक्षीप्रेमापाशी येऊन थांबते. प्रेम तर होतंच. पण प्रेम करणारे पुष्कळ असतात. समोर दिसलेल्या जिवाची ओळख पटवणं, ती पटवताना घाई न करणं, आणि पटली नाही तर तसं लिहून ठेवणं, हे त्यांच्या आयुष्यभराच्या कामाचं सूत्र होतं. मी बँकेत नोकरी केलेला माणूस आहे. आमच्याकडे खातेदाराची नमुना सही कार्डावर असे आणि चेकवरची सही तिच्याशी ताडून पाहिल्याशिवाय पैसे देता येत नसत. त्यामुळे सलीम अलींचं चरित्र वाचताना मला त्यांच्यात कवीपेक्षा एक काटेकोर कारकूनच जास्त दिसतो. हे मी आदरानंच म्हणतो आहे.

१२ नोव्हेंबर १८९६ हा त्यांचा जन्मदिवस. सुलेमानी बोहरा कुटुंबातलं हे नववं आणि शेंडेफळ. वर्षाचे असताना वडील गेले, तीन वर्षांचे असताना आई गेली. मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांना मूल नव्हतं. त्यांनी या पोरक्या भाचरांना खेतवाडीच्या घरात वाढवलं. मामा शिकारीचे शौकीन होते आणि सोसायटीचे सभासदही होते. त्या काळच्या सुखवस्तू घरांत मुलांच्या हाती छऱ्यांची बंदूक देण्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. सलीमच्या हातीही ती आली.

पुढची गोष्ट प्रसिद्ध आहे. दहा-बारा वर्षांच्या सलीमनं एक चिमणी पाडली. उचलून पाहिलं तर तिच्या गळ्यावर पिवळा डाग. घरातल्या चिमणीला असा डाग नसतो. हा पक्षी खाणं आपल्या धर्माला चालतं का, अशीही शंका मुलाला आली. तो मामांकडे गेला. मामांनाही सांगता येईना. त्यांनी ओळखीची चिठ्ठी देऊन त्याला सोसायटीचे मानद सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांच्याकडे धाडलं.

मिलार्ड एका मद्यविक्रेत्या कंपनीचे चालक होते आणि सोसायटीचं बिऱ्हाडही त्याच कंपनीच्या जागेत होतं. एका हिंदी पोरानं कागदात गुंडाळलेली मेलेली चिमणी घेऊन साहेबाच्या कचेरीत शिरणं ही त्या काळात साधी गोष्ट नव्हती. मिलार्ड यांनी पक्षी पाहिला आणि ही पीतकंठी चिमणी असल्याचं सांगितलं. मग त्यांनी कपाटं उघडली. खणांमागून खण बाहेर आले आणि प्रत्येकात पेंढा भरलेले पक्षी ओळीनं निजलेले. प्रत्येकाच्या पायाला चिठ्ठी, चिठ्ठीवर गाव, तारीख आणि पक्षी मिळवणाऱ्याचं नाव. मुलाची चिमणी त्या ओळीतल्या चिमण्यांशी ताडून पाहिली गेली. पुढं मिलार्ड यांनी त्याला वाचायला पुस्तकं दिली आणि पक्ष्याचं कातडं सोडवून टिकवण्याची विद्या शिकण्याची सोय करून दिली.

त्या दिवशी मुलाला पक्ष्याचं नाव मिळालं. त्याहून मोठी गोष्ट मिळाली ती पद्धत. आपल्याला वाटतं त्याला किंमत नाही, नमुन्याशी जुळतं त्याला आहे. आणि नमुन्याला किंमत येते ती त्याच्या पायातल्या चिठ्ठीमुळे.

याच वयातली त्यांची एक टिपणवही आहे. घराच्या आवारात चिमणा-चिमणीचं घरटं होतं. मुलानं घरट्यावर पहारा करणारा नर टिपला. थोड्याच वेळात मादीनं दुसरा नर आणला. त्यानं तोही टिपला. आठवड्याभरात आठ नर गेले आणि प्रत्येक वेळी नवा नर हजर झाला. आज वाचताना अंगावर काटा येतो. पण त्या पोरानं हे सगळं वहीत नोंदवून ठेवलं होतं. साठेक वर्षांनी ते टिपण पक्षीनिरीक्षकांच्या एका नियतकालिकात छापून आलं, तेव्हा पोरवयातली ती नोंदही अभ्यासकांच्या उपयोगाची ठरली.

शाळेत मात्र उजेड नव्हता. डोकेदुखीनं हैराण झाल्यामुळे मध्येच सिंधमध्ये नातेवाइकांकडे हवापालट करावा लागला. १९१३ साली ते कसेबसे मॅट्रिक झाले. सेंट झेवियर्स कॉलेजातलं पहिलं वर्षही पेललं नाही. मग ब्रह्मदेशात तावॉय इथं घरच्या वुल्फ्रॅमच्या खाणी आणि लाकडाचा धंदा पाहायला रवानगी झाली. धंद्यापेक्षा भोवतालच्या जंगलातच त्यांचा जीव अधिक रमला. १९१७ साली परत आल्यावर त्यांनी दावर कॉलेजात व्यापारी कायदा आणि हिशेबनिसी शिकायला घेतली. झेवियर्समधले फादर ब्लॅटर यांनी मनातली ओढ ओळखली आणि प्राणिशास्त्राकडे वळवलं. सकाळी जमाखर्च आणि नंतर प्राणिशास्त्र, असा दुहेरी कार्यक्रम सुरू झाला. डिसेंबर १९१८मध्ये तेहमिनाशी लग्न झालं.

पदवी नव्हती. त्यामुळे सरकारी प्राणिसर्वेक्षण खात्यातली पक्षितज्ज्ञाची जागा हुकली. १९२६ साली प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमच्या नव्या निसर्ग विभागात मार्गदर्शक व्याख्याता म्हणून महिना ३५० रुपयांवर नोकरी लागली. दोन वर्षांत त्यांना कळून चुकलं की लोकांना सांगण्याआधी आपल्यालाच अजून शिकायला हवं. १९२८मध्ये रजा घेऊन ते बर्लिनला गेले आणि एर्विन श्ट्रेझेमान यांच्या हाताखाली शिकले. १९३०मध्ये परतले तेव्हा त्यांची जागाच रद्द झाली होती, कारण पैसे नव्हते. चौतिशीचा, लग्न झालेला, परदेशात शिकून आलेला बेकार माणूस. मुंबईत भाडं भरून राहणं अवघड, म्हणून नवरा-बायको अलिबागजवळच्या किहीमला गेले.

किहीमच्या घराजवळ सुगरणींची वसाहत होती. हाताला काम नव्हतं आणि वेळ मुबलक होता. सलीम अली तासन् तास घरट्यांकडे बघत बसले. सुगरण म्हणजे कसबी मादी, ही आपल्याकडची समजूत. बहिणाबाईंच्या ओव्यांनी तर ती घराघरांत पोचवली. पण घरटं विणतो तो नर. तो ते अर्धवट विणून ठेवतो, माद्या येऊन तपासणी करतात, एखादीला पसंत पडलं की ती आत राहायला येते, मग नर ते पुरं करतो. मादी अंड्यांवर बसली की तो शेजारी दुसरं घरटं विणायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी. हे निरीक्षण सोसायटीच्या नियतकालिकात छापून आलं आणि या बेकार माणसाचं नाव जगातल्या पक्षिशास्त्रज्ञांना कळलं.

त्याच सुमाराची आणखी एक गोष्ट. ह्यू व्हिसलर हे हिंदुस्थानच्या पक्ष्यांबद्दलचे मोठे अधिकारी. भृंगराजाच्या शेपटीतल्या दोन लांब पिसांबद्दल त्यांनी लिहिलं होतं की टोकाच्या पात्यात आतल्या बाजूचा पडदा नसतो. सलीम अलींनी कळवलं की ही जुन्या पुस्तकांतून चालत आलेली चूक आहे. पिसाच्या दांडीला पीळ असतो, त्यामुळे पाहणाऱ्याला बाजू उलटी भासते. कोण कुठला हा माणूस आपल्याला शिकवतो, म्हणून व्हिसलर प्रथम रागावले. मग त्यांनी आपल्याजवळचे नमुने पुन्हा काढून पाहिले, चूक मान्य केली आणि दोघे जिवलग मित्र झाले. आपल्याकडच्या विद्वानांनी या प्रसंगातल्या दोघांपासूनही शिकण्यासारखं आहे.

मग सुरू झाली संस्थानांमधली पक्षी-सर्वेक्षणं. १९३१मध्ये हैदराबाद, १९३३मध्ये त्रावणकोर-कोचीन, पुढं आणखी कितीतरी. अट एकच होती. पगार नको, फिरण्या-राहण्याचा खर्च द्या. बैलगाडी, तंबू, कंदील असा संसार. तेहमिना बरोबर असत. १९३९ साली एका किरकोळ शस्त्रक्रियेनंतर त्या गेल्या. लग्नाला एकवीस वर्षंही झाली नव्हती. सलीम अलींनी पुन्हा लग्न केलं नाही. बहिणीच्या घरी पाली हिलला ते राहू लागले आणि उरलेलं आयुष्य पक्ष्यांना दिलं.

दुर्मीळ जीव रानात शोधणं म्हणजे काय, हे त्यांच्या फिनच्या सुगरणीच्या पाठलागावरून कळतं. अ‍ॅलन ह्यूम यांनी हा पक्षी १८६९मध्ये नैनितालजवळच्या कालाढुंगीच्या नमुन्यावरून जगापुढं आणला. नंतर कुमाऊंच्या तराईत तो दिसेनासा झाला. तिसाव्या दशकात सलीम अली त्याच्या मागावर तराईत फिरले. तो नाद पुढंही सुटला नाही. अखेर १९५९ साली कुमाऊं तराईतल्या वसाहती पुन्हा हाती लागल्या आणि जॉन क्रूक या ब्रिटिश शास्त्रज्ञाबरोबर त्यांचा त्यांनी बारकाईनं अभ्यास केला. या सुगरणीची चोच जाडजूड असते. विणीच्या दिवसांत नराचं डोकं आणि पोट सोनपिवळं होतं. पण इतर ऋतूंत ती साध्या सुगरणीत सहज खपून जाते. अशा वेळी घरटं साक्ष देतं. आपली सुगरण लांब नळीचं घरटं टांगते, तर ही झाडाच्या शेंड्यावर गोल घरटं बांधते आणि भोवतालची पानं ओरबाडून टाकते. म्हणजे ओळख एका खुणेवर पटवायची नसते. चोच, रंग, ऋतू, झाड, घरटं, वागणूक यांच्या साक्षी एकमेकींशी जुळायला हव्यात.

सगळे शोध फळाला आले नाहीत. हिमालयातला डोंगरी लावा १८७६नंतर खात्रीनं कुणी पाहिलेला नाही. सलीम अली त्याच्यासाठीही गेले आणि रिकाम्या हातांनी परतले. रिकाम्या हातांनी परतलो, असं त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं. एखादा लावा झुडपात शिरताना दिसला असं म्हटलं असतं, तर त्यांच्या शब्दावर शंका घेणारा कोण होता? पण मग पुढच्या शोधणाऱ्याचं काय झालं असतं?

याचं उत्तर दुसऱ्या एका माणसानं देऊन ठेवलं आहे. कर्नल रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन हे इंग्रज लष्करी अधिकारी आणि नामांकित पक्षितज्ज्ञ. १९३७ साली सलीम अली त्यांच्याबरोबर अफगाणिस्तानच्या मोहिमेवर होते. कर्नलनी रोजनिशीत आपल्या हिंदी सहकाऱ्याबद्दल बरंच तुच्छतेनं लिहिलं. पुढं ते वाचून सलीम अलींची करमणूकच झाली आणि १९८५च्या आत्मचरित्रात त्यांनी तो मजकूर स्वतः छापला. पण कर्नलचा खरा पराक्रम निराळाच होता. त्यांनी ब्रिटिश म्युझियममधून पक्ष्यांचे नमुने चोरले, त्यांच्या पायांतल्या चिठ्ठ्या काढल्या आणि स्वतःच्या नावाच्या खोट्या चिठ्ठ्या लावल्या. म्युझियममधल्या काही जाणकारांना संशय होता. सविस्तर छडा मात्र नव्वदच्या दशकात लागू लागला, तोवर सलीम अली हयात नव्हते.

या खोटेपणाची झळ थेट महाराष्ट्राला पोचली. रानपिंगळा हा मध्य भारतातला लहानसा घुबडवर्गीय पक्षी. ह्यूम यांनी १८७३मध्ये त्याचं वर्णन केलं. जगभरच्या संग्रहांत त्याचे जेमतेम सात नमुने होते. शेवटचा खरा नमुना १८८४चा, जेम्स डेव्हिडसन या अधिकाऱ्यानं खानदेशात मिळवलेला. पण कर्नलच्या संग्रहात गुजरातमधल्या मांडवीचा १९१४चा एक नमुना होता. तीस वर्षांनी अलीकडची तारीख आणि नवं गाव! साहजिकच शोधणाऱ्यांचा होरा त्या चिठ्ठीवरून बांधला गेला. सलीम अली आणि त्यांचे सहलेखक डिलन रिप्ले यांच्यासारख्या जाणत्यांनीही शोध केला, तो निष्फळ ठरला. पुढं अमेरिकन पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी नमुन्याची शिवण, आत भरलेला कापूस आणि क्ष-किरण चित्रं तपासली. तो पक्षी डेव्हिडसनचाच निघाला. चोरून, उसवून, पुन्हा भरलेला.

खोटी सही चालून गेली तर कुणाचे तरी पैसे जातात. वाईटच, पण भरून निघणारं. खोट्या नोंदीनं एका जिवाच्या शोधाची वर्षं गेली. त्या वर्षांत किती सागवान तुटलं, किती जंगल शेतीखाली गेलं, याची भरपाई कोण करणार? पक्षी कुठं आहे हेच ठाऊक नसेल तर त्याची वाट लागली हेही कुणाला कळत नाही.

खोटी चिठ्ठी काढून टाकली आणि खरी वाट मोकळी झाली. रासमुसेन आणि त्यांचे सहकारी जुन्या खऱ्या नोंदींच्या गावांकडे गेले. नोव्हेंबर १९९७मध्ये शहाद्याजवळ सकाळच्या उन्हात निष्पर्ण झाडावर बसलेला रानपिंगळा त्यांना दिसला. एकशे तेरा वर्षांनी. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर ठिपके दाट असतात, याच्या डोक्यावर ते जवळजवळ नाहीत. पाय भक्कम आणि बोटांपर्यंत पांढऱ्या पिसांनी झाकलेले. पुढं तोरणमाळ, मेळघाट इथंही तो आढळला आणि २०१४मध्ये तर तानसा अभयारण्यात. ज्या तलावाचं पाणी मुंबई १८९२पासून पिते आहे, त्याच्याच काठच्या रानात.

कधी कधी हरवलेली वस्तू घरच्याच कपाटात असते. १९४८ साली अँगस हटन यांनी तमिळनाडूतल्या मेघमलै डोंगरात एक वटवाघूळ पकडलं. सोसायटीच्या संग्रहात ते एका सामान्य जातीच्या नावाखाली जाऊन पडलं. १९७२ साली थायलंडचे किट्टी थोंगलोंग्या यांनी खण उघडून नीट पाहिलं तेव्हा ते विज्ञानाला संपूर्ण नवं निघालं. त्याला सलीम अलींचं नाव दिलं गेलं. नाव चुकलं होतं, पण नमुना आणि चिठ्ठी जपलेली होती, म्हणून चूक दुरुस्त होऊ शकली.

सलीम अलींनी हजारो पक्षी मारले, हा आक्षेप अधूनमधून घेतला जातो. तो खराच आहे आणि त्यांनी कधी लपवला नाही. हातात पक्षी असल्याशिवाय ओळख पक्की होत नाही, असा तो काळ होता. पण त्याच माणसानं १९४१मध्ये भारतीय पक्ष्यांचं सचित्र पुस्तक लिहिलं आणि बंदुकीऐवजी दुर्बीण घेऊन निघालेल्या पिढ्या तयार केल्या. रिप्ले यांच्याबरोबर १९६८ ते १९७४ या काळात दहा खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. सोसायटी आर्थिक अडचणीत आली तेव्हा पंडित नेहरूंना पत्र लिहून तिला मदत मिळवून दिली. भरतपूर आणि सायलेंट व्हॅली वाचवण्यासाठी त्यांनी आपलं वजन खर्ची घातलं. पद्मभूषण, पद्मविभूषण, राज्यसभा हे सारं आलं. १९८६च्या जानेवारीत सोसायटीच्या अभ्यासकाला आंध्रातल्या कडप्पा जिल्ह्यात जेर्डनचा धाविक सापडला. १९००नंतर कुणीही खात्रीनं न पाहिलेला तो पक्षी सापडल्याची बातमी ऐकायला नव्वदीला टेकलेले सलीम अली हयात होते. २० जून १९८७ रोजी ते गेले.

आज रविवारी सकाळी येऊरला किंवा आरेला जाणारी तरुण मंडळी पक्ष्यांइतकीच फुलपाखरंही बघतात. हातात उत्तम कॅमेरे असतात. काम मात्र तेच, आणि फसगतीच्या जागाही तितक्याच. संध्याकाळी उडणारं एक तपकिरी फुलपाखरू पावसाळ्यात एका रूपात दिसतं आणि उन्हाळ्यात वाळक्या पानाच्या रूपात. अनभिज्ञाला त्या दोन जाती वाटतात. कॉमन मॉरमॉनच्या काही माद्या दुसऱ्याच विषारी फुलपाखराचं सोंग घेतात. निळ्या लहानग्यांत ओळख पंखांच्या वरच्या निळाईनं पटत नाही, खालच्या बाजूच्या ठिपक्यांनी पटते. म्हणून दोन्ही बाजूंचं छायाचित्र, तारीख, ठिकाण आणि ते कोणत्या झाडावर अंडी घालत होतं याची नोंद हवी. दुर्मीळ फुलपाखरू पहिल्यांदा मला दिसलं, हे जाहीर करण्याची घाई मनुष्यस्वभावातच आहे. त्या घाईला आवर घालणं कॅमेऱ्याला जमत नाही.

खेतवाडीच्या मुलानं एका पिवळ्या डागापाशी थांबून विचारलं होतं, की हे नेहमीचं आहे की वेगळं. उत्तर येत नव्हतं म्हणून त्यानं ते ठोकून दिलं नाही, विचारायला गेला. पुढची ऐंशी वर्षं तो हेच करत राहिला. रानात एखादा जीव दिसला आणि नाव सुचलं नाही, तर वहीत तारीख, जागा, झाड लिहावं आणि नावाची जागा कोरी ठेवावी. ती जागा पन्नास वर्षांनी भरणारा कुणीतरी येईल. त्याला आपली बाकीची नोंद खरी सापडली पाहिजे.